सोमवारचा फेस

एकाच पिंपातून, एकाच तोटीने, एकाच माणसाच्या हातून बारा दिवसांत पाच वेळा पोर्टर नावाची काळी बिअर काढण्यात आली. पहिल्या गुरुवारी, शनिवारी आणि पुढच्या गुरुवारी ग्लासातला फेस सहा मिनिटांहून अधिक टिकला. दोन्ही सोमवारी तो अर्ध्या मिनिटाच्या आत नाहीसा झाला.

१९२८ सालच्या जानेवारीतली ही नोंद हॅरॉपसाहेबांच्या वहीत शाईने केलेली होती आणि तिच्यात खाडाखोड नव्हती. हॅरॉपसाहेब सोलापुरातल्या एका कापडगिरणीत विणाई खात्याचे मुख्य होते. मुंबईच्या एका दलालाने लंडनहून मागवलेले नऊ गॅलनांचे ते पिंप गिरणीच्या साहेबलोकांच्या क्लबाकडे नमुना म्हणून धाडले होते. पसंत पडल्यास दर हिवाळ्यात अशी सहा पिंपे घ्यायची होती. पसंती-नापसंती ठरवण्याचे काम हॅरॉपसाहेबांकडे आले, कारण त्यांच्या आजोबांनी लंडनमध्ये याच काळ्या बिअरच्या कारखान्यात पिंपे बांधण्यात उभा जन्म घालवला होता. वहीत पाच रकाने होते: रंग, फेस, वास, चव, आणि घोट गिळल्यावर जिभेवर जे मागे उरते ते.

हायस्कुलात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या मल्लिकार्जुन मास्तरांना यातले काहीही ठाऊक नव्हते. बुधवारी दुपारी शेवटचा तास संपवून ते परीक्षानळ्या मोजून ठेवत होते, तेव्हा प्रयोगशाळेच्या दारात चनबसप्पा येऊन उभा राहिला. हा मैंदर्गीकडचा, पंचावन्नाच्या घरातला माणूस मास्तरांच्याच गल्लीत राहत असे आणि अकरा वर्षे त्या क्लबाची राखण करीत असे. मास्तरांनी त्याला कधी मोठ्याने बोलताना ऐकले नव्हते.

"मास्तर, माझं तोंड हुंगा," चनबसप्पा म्हणाला.

मास्तरांच्या हातातली नळी हातातच राहिली. "काय म्हणालात?"

"हुंगा की. समदी हुंगायलीत. काल मठात शिवप्पानं हुंगलं. घरात रत्नम्मानं हुंगलं, पस्तीस वर्सांच्या संसारात पयल्यांदा. तुमी तर शिकल्याले. तुमी हुंगा आन् कागदावर लिवून द्या, ह्यानं दारू पिल्याली न्हाय म्हून."

मग हकीकत बाहेर आली. चनबसप्पाला क्लबात ठेवले होते तेच मुळी तो पीत नाही म्हणून. तळघराची चावी त्याच्याकडे. पिंपातून चंबूभर बिअर काढून वर आणायची, ग्लास धुऊन-पुसून मांडायचे, ओतायचे काम साहेबांचे. परवाच्या सोमवारी चार पाहुण्यांसमोर फेस मेला. हॅरॉपसाहेबांनी घड्याळ खिशात घातले आणि सर्वांदेखत सांगितले, की चनबसप्पा जिन्यात चंबूतली बिअर पितो आणि तेवढे पाणी घालून चंबू वर आणतो. येत्या शनिवारी चावी परत द्यायची. गोष्ट रातोरात मठापर्यंत गेली. दुसऱ्या दिवशी तिथे पंगत होती. चनबसप्पा वीस वर्षे त्या पंगतीत हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढत आला होता. मठाचा कारभार पाहणाऱ्या शिवप्पाने भरल्या पंगतीत त्याच्या हातातली पळी काढून घेतली.

"चावी गेली तर जाऊ द्या," चनबसप्पा म्हणाला. "पळी घेतली हो, मास्तर. पानावर बसल्याली माणसं वर बघायलीत माझ्याकडं, आन् हातात पळी न्हाय."

मास्तरांना धक्का बसला होता. पण धक्का हा पुरावा नव्हे, हे ते मुलांना दर वर्षी सांगत. "हे बघा," ते म्हणाले, "सोमवारी प्यालेलं बुधवारी तोंडाला उरत नाही. तुमचं तोंड हुंगून तुम्ही प्यालात हेही ठरणार नाही आणि नाही प्यालात हेही ठरणार नाही."

"मग?"

"मग ती बिअरच हुंगावी लागेल."

"अय्यो शिवा," चनबसप्पा खालच्या आवाजात म्हणाला.

पाच वाजता मास्तर क्लबात पोहोचले. पिशवीत घनता मोजायचे यंत्र, तापमापक, बुचाच्या दोन मोजनळ्या आणि घड्याळ होते. हॅरॉपसाहेब लाल चेहऱ्याचे, तुटक बोलणारे गृहस्थ होते. पण कुणी मोजमाप घेऊन आले तर त्याला दारातून परतवणे त्यांच्या स्वभावात नव्हते. सोमवारी चंबूत उरलेली बिअर त्यांनी बाटलीत घट्ट बूच मारून ठेवली होती. "पुराव्यासाठी," ते इंग्रजीत म्हणाले. मास्तरांना ते आवडले. त्यांनी चनबसप्पाला तळघरातून आजचा नवा चंबू आणायला सांगितले, आणि या वेळी साहेब स्वतः त्याच्या मागोमाग जिना उतरले व चढले.

दोन्ही नमुने एकाच तापमानावर आणून मास्तरांनी यंत्र बुडवले. आकडा दोन्हींत तोच आला.

"पाणी घातलेलं नाही," मास्तर म्हणाले.

"मग दुसरं काही घातलं असेल."

"इतक्याच घनतेचा आणि इतकाच काळा दुसरा द्रव सोलापुरात कुठे मिळतो ते मला दाखवा. शाळेला स्वस्तात शाई हवी आहे."

साहेब हसले नाहीत. "तुमच्या यंत्राला जीभ नाही. बिअरचा न्याय जिभेने होतो. चाखल्याशिवाय तुमचं मत मी ऐकणार नाही."

मास्तर लिंगायत होते. गळ्यातले लिंग त्यांच्या आईने बांधले होते. ते उतरवावे इतकी त्यांची श्रद्धा उडाली नव्हती आणि त्याची पूजा करावी इतकी ती उरलीही नव्हती. दारू मात्र त्यांच्या घरात औषधालासुद्धा आली नव्हती. पण आक्षेप रास्त होता. ज्या वस्तूचा निवाडा करायचा ती न चाखता केलेला निवाडा त्यांनी स्वतःच कुणाकडून मान्य केला नसता.

"मी थुंकून टाकीन," ते म्हणाले.

"मुंबईचे पारखीही थुंकतात," साहेब म्हणाले, आणि त्यांनी तस्त पुढे सरकवले.

चनबसप्पाने भिंतीकडे तोंड फिरवले. "मास्तर, तुमीसुदा?"

"तुमच्याचसाठी, चनबसप्पा."

"माझ्यासाठी म्हून नरकात जाऊ नगा. तितं माझ्याशेजारीच जागा देतील."

साहेबांनी आधी ग्लास खिडकीतल्या उन्हासमोर धरायला लावला. काळी दिसणारी बिअर काठाशी जांभळट लाल होती. वर दोन बोटे दाट, ताकावरच्या लोण्याच्या रंगाचा फेस. मग वास, मग लहान घोट, जिभेच्या टोकापासून मुळापर्यंत सावकाश फिरवून. मास्तरांनी पुढे साहेबांच्या वहीत स्वतःच्या अक्षरात लिहिले: प्रथम तव्यावर करपलेल्या भाकरीचा पापुद्रा, त्यामागून काळा गूळ, पण गोडी कमी, मध्ये शिळ्या आंबिलीइतकी आंबट छटा, शेवटी कडू, आणि तो कडूपणा बराच वेळ राहतो. त्यांनी घोट तस्तात टाकला, आणि तोंड धुतले. ओकारी येईल अशी त्यांची खात्री होती. ती आली नाही. दुसरा घोट घ्यावासा वाटला. स्वतःविषयी इतकी अनपेक्षित माहिती त्यांना अलीकडे मिळाली नव्हती.

दुसरा घोट त्यांनी सोमवारच्या बाटलीतला घेतला, कर्तव्य म्हणून. वायू थोडा उडालेला होता. करपलेली भाकरी तीच, गूळ तोच, कडूपणा तोच.

मग त्यांनी दोन मोजनळ्यांत दोन्ही नमुने समान भरले, बुचे लावली आणि दोन हातांत धरून वीस वेळा सारख्याच हलवल्या. दोन्हींत फेस सारखाच चढला. तिघेही पाहत राहिले. एक मिनिट. तीन मिनिटे. पाच मिनिटे. सोमवारची बिअर आजच्या बिअरइतकाच फेस धरून उभी होती.

हॅरॉपसाहेबांचा लाल चेहरा फिका पडला. "पण तो मेला होता. मी पाहिला. चौघांनी पाहिला."

"मेला असेल. पण बिअरमुळे नाही."

"मग कशाने?"

"बिअरच्या भोवती दुसरं काय होतं? ग्लास."

"हेच ग्लास आहेत. नेहमी हेच असतात."

मास्तर चनबसप्पाकडे वळले. "सोमवारी तुम्ही ग्लासांचं वेगळं काय करता?"

"काय बी न्हाय."

"आठवा."

"आटवायचं काय त्यात? रोज धुतो तसंच धुतो."

उत्तर प्रामाणिक होते आणि म्हणूनच निरुपयोगी. जे दर आठवड्याला केले जाते ते करणाऱ्याला वेगळे वाटत नाही. मास्तर म्हणाले, "बरं. आज सोमवार आहे असं धरा, आणि ग्लास धुऊन दाखवा."

"बुधवारला सोमवार कसा म्हनू? मी उपाशी कुटं हाय?"

"उपास मी धरतो. तुम्ही ग्लास धुवा."

चनबसप्पाने कढत पाण्याने ग्लास विसळले, उपडे केले, निथळू दिले. नेहमीची, धोब्याकडून आलेली फडकी खुंटीवर होती. त्यांच्याकडे त्याने पाहिलेही नाही. आपल्या पत्र्याच्या पेटीतून त्याने घडी घातलेले एक पांढुरके कापड काढले. ते करकरीत होते, हातात धरले तर वाकण्याऐवजी उभे राहत होते.

"हे काय?" मास्तरांनी विचारले.

"कोरं कापड. म्होरच्या सोमवारचं. मागावरनं उतरल्याला तुकडा, साहेबच देतेत." तो समजूत घालावी तशा सुरात बोलत होता. "सोमवार देवाचा. त्या दिशी दारू पुसल्यालं फडकं मी हातात धरत न्हाय. हे चोख. न्हाय धोब्याचा हात लागल्याला, न्हाय कुणाचं आंग लागल्यालं. दर सोमवारी नवं काढतो, मदोमद फाडतो. अर्धं ग्लासांना."

"आणि अर्धं?"

चनबसप्पाने सदऱ्याचे वरचे बटण सोडले. गळ्यातल्या दोऱ्याला अडकवलेले लिंग तशाच पांढुरक्या, करकरीत कापडात गुंडाळलेले होते.

मास्तरांनी दोन ग्लास घेतले. धुण्याच्या सोड्याने धुतले, एक धोब्याच्या फडक्याने पुसला, एक कोऱ्या कापडाने. साहेबांनी एकाच चंबूतून, एकाच उंचीवरून दोन्ही भरले. पहिल्यात फेस सहा मिनिटे वीस सेकंद टिकला. दुसऱ्यात तो आधी मध्यभागी फाटला, कडेने मागे हटला आणि अठ्ठावीस सेकंदांत संपला. ग्लास पुन्हा सोड्याने धुतले, फडक्यांची अदलाबदल केली. या वेळी दुसरा जगला आणि पहिला मेला. तिसऱ्यांदाही तेच झाले.

"म्हंजी मी सुटलो की!" चनबसप्पा ओरडला. "फडक्यानं खाल्ला! साहेब, फडक्यानं खाल्ला तुमचा फेस!"

हॅरॉपसाहेब उठले आणि त्यांनी चनबसप्पासमोर हात पुढे केला. अकरा वर्षांत हे प्रथमच घडत होते. चनबसप्पाला त्या हाताचे काय करावे ते कळेना. त्याने तो दोन्ही हातांत धरला. "माझी चूक झाली," साहेब मोडक्या मराठीत म्हणाले. "चावी तुझी."

"पण इतकी वर्षं कुणाच्या लक्षात कसं आलं नाही?" मास्तरांनी विचारले.

"इथे सगळे व्हिस्की आणि सोडा पितात. त्यात फेस कोण मोजतो?"

"आणि कोऱ्या कापडात असं असतं तरी काय?"

प्रश्न इंग्रजीत होता. साहेबांनी उत्तरही इंग्रजीत, बोटांवर मोजत, बाजाराची यादी सांगावी तसे दिले. "विणताना सूत तुटू नये म्हणून खळ देतात. स्टार्च. चिनी माती. थोडा जस्ताचा क्षार. आणि सुताला मऊपणा यावा म्हणून चरबी."

"कसली चरबी?"

"बैलाची. महाग झाली तर मेंढीची. पिंपांनी येते."

मास्तर खुर्चीत बसले. समोर चनबसप्पा हसत होता. त्याला इंग्रजी येत नव्हते. खळ देण्याचे खाते वेगळ्या इमारतीत होते, तिथे काम करणारे त्या पिवळट गोळ्याला मेण म्हणत, आणि विणाईत वा क्लबात आयुष्य काढलेल्या माणसाला तिथे जाण्याचे कारण पडत नसे. मास्तरांना एकदम आठवले, की संक्रांतीला त्यांनी स्वतः कोरे धोतर नेसून जेवण केले होते.

साहेबांच्या ध्यानात आपण काय बोलून गेलो ते उशिरा आले. "त्याला हे सांगायलाच हवं का?" ते हळूच म्हणाले. "मी क्लबाला कळवतो, की फडकं अस्वच्छ होतं. प्रकरण मिटेल."

"फडकं अस्वच्छ नव्हतं," मास्तर म्हणाले. "त्याच्याजवळ होतं त्यातलं सर्वांत स्वच्छ त्याने वापरलं."

तरी साहेबांच्या शब्दावर कारण लिहिणे मास्तरांना पटेना. गुरुवारी त्यांनी त्या कापडाची टीचभर पट्टी ईथरमध्ये भिजवून ठेवली, ईथर गाळून उडू दिला. काचेच्या बशीत मेणचट, पांढरट कडे उरले. ते चव्वेचाळीस अंशांच्या आसपास वितळले. त्यातला कणभर घेऊन स्वच्छ ग्लासाला पुसला, फेस मेला. धोब्याच्या फडक्याच्या पट्टीतून नाव घेण्यासारखे काही निघाले नाही.

शुक्रवारी शाळा सुटल्यावर चनबसप्पा कागद न्यायला आला. मठात शिवप्पा त्याची वाट पाहत होता. साहेबाने दयेने माफ केले असेल, कारण दाखव, असे त्याने सर्वांसमोर म्हटले होते.

"कारणाशिवाय चालणार नाही?" मास्तरांनी विचारले. असला प्रश्न आपण विचारावा याचे त्यांना आश्चर्य वाटले.

"कारन न्हाय तर कागद कशाला? फडक्यानं फेस खाल्ला, एवडं लिवा की."

"शिवप्पा विचारेल, फडक्याने कसा खाल्ला."

"मग तेबी लिवा."

मास्तरांनी बशी पुढे ठेवली आणि सांगितले. जितक्या कमी शब्दांत सांगता येईल तितक्यात सांगितले: खळीत काय असते, ते कशाचे असते, ते कापडात किती सापडले. बैलाची की मेंढीची हे माझ्या परीक्षेने ठरत नाही, तो साहेबांचा शब्द. चरबी आहे हा माझा शब्द.

चनबसप्पा बशीकडे पाहत राहिला. मग हात छातीकडे गेला आणि तिथे पोहोचण्याआधीच थांबला, जणू निखाऱ्याजवळ गेला होता.

"दर सोमवारी," तो म्हणाला. "उपाशी पोटी. माझ्या हातानं गुंडाळलं."

रसायनशास्त्रात सांत्वनाच्या शब्दांची सोय नव्हती.

चनबसप्पाने दोरा गळ्यातून काढला, कापड उलगडून टेबलावर टाकले. लिंग उघड्या तळहातावर धरून तो उभा राहिला. "मास्तर, तुमच्यापाशी चोख काय हाय? काय बी द्या. ह्यात परत न्हाय घालायचं."

मास्तरांनी खोलीभर नजर फिरवली. स्वतःचा रुमाल, पंचा, टेबलावरचे फडके, सगळ्यांवरून ती सरकत गेली. मग त्यांनी कपाट उघडून गाळणकागदाचा नवा गठ्ठा फोडला. "हा कागद म्हणजे नुसता कापूस. आम्लाने धुतलेला, पाण्याने धुतलेला. मी तपासलेला आहे."

चनबसप्पाने लिंग त्या गोल पांढऱ्या कागदात गुंडाळले, दोऱ्याने बांधले, गळ्यात घातले.

"साहेब म्हणाले होते, नुसतं फडकं घाण होतं असं लिहू," मास्तर म्हणाले. "तुम्ही म्हणत असाल तर..."

"घान म्हनून लिवणार? माझं फडकं?" चनबसप्पाचा आवाज चढला. "न्हाय. खरं हाय ते लिवा."

"हा कागद मठात वाचला जाईल. ऐकणाऱ्यांना सोसणार नाही."

"सोसंल कसं? शिवप्पाच्या आंगावर बी कोरंच अस्तंय की सणाला. समद्यांच्याच अस्तंय." तो बाकावर बसला. "म्हून तर लिवा. मला पळी देतील न द्येतील, त्येंचं त्यांनी बघावं. पन मी पिलो न्हाय, हे वर लिवा. पयल्या वळीत."

मास्तरांनी दौत पुढे ओढली. पहिली ओळ त्यांनी तशीच लिहिली. दुसऱ्या परिच्छेदात दोन्ही नमुन्यांची घनता, मोजनळ्यांतला फेस आणि तिन्ही प्रयोगांच्या वेळा दिल्या. मग थोडे थांबून, विशेषणे गाळून, शेवटचा परिच्छेद लिहिला:

"फेस न टिकण्याचे कारण: सोमवारी ग्लास मागावरून उतरलेल्या, न धुतलेल्या कोऱ्या कापडाने पुसले जात. गिरणीत अशा कापडाच्या सुताला दिलेल्या खळीत जनावराची चरबी असते. ओल्या ग्लासावर घासताना तिचा पातळ थर काचेला लागतो, आणि चरबीच्या स्पर्शाने बिअरचा फेस फुटतो."

खाली त्यांनी सही केली आणि तारीख घातली.